डुकरांच्या शेडमधला खोकला: सिरिंज भरण्याआधी

शेडमध्ये दोन डुकरं खोकली की बहुतेक फार्मवर पहिला हात जातो तो औषधांच्या कपाटाकडे. आधी ऑक्सिटेट्रासायक्लिन, उतार पडला नाही तर एन्रोफ्लॉक्सासिन, तेही चाललं नाही तर शेजारच्या फार्मवर ‘लागू पडलेली’ कुठलीशी पावडर पाण्यातून. खोकला इन्फ्लुएन्झाचा असेल तर डुकरं काहीही न टोचता आठवड्याभरात खायला लागतात आणि श्रेय बाटलीला मिळतं. मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा असेल तर पेनिसिलिन कितीही टोचा, काही होणार नाही, कारण पेनिसिलिन ज्या पेशीभित्तिकेवर घाव घालतं ती या जंतूला नसतेच. आणि पीआरआरएस, म्हणजे डुकरांच्या प्रजननाचा आणि श्वसनाचा विषाणूजन्य रोग, असेल तर एकच सुई सगळ्यांना वापरून आपणच रोग वाटत फिरतो. म्हणून ही पोस्ट औषधांपेक्षा औषधाआधीच्या चोवीस तासांबद्दल जास्त आहे.

एकटा जंतू क्वचितच

डुकरांच्या श्वसनरोगाला पशुवैद्यक ‘पीआरडीसी’ म्हणतात, म्हणजे पोर्सिन रेस्पिरेटरी डिसीज कॉम्प्लेक्स. यातला ‘कॉम्प्लेक्स’ महत्त्वाचा. साधारण क्रम असा असतो: एखादा विषाणू किंवा मायकोप्लाझ्मा फुप्फुसाची राखण मोडतो आणि नाका-घशात एरवी गुमान राहणारे पाश्चुरेला, ग्लेसरेला, स्ट्रेप्टोकॉकस सुइस हे जिवाणू आत उतरतात. डुक्कर मरतं ते बहुतेकदा या दुसऱ्या फळीमुळे. म्हणूनच अँटिबायोटिकने थोडाफार गुण येतो आणि म्हणूनच तो टिकत नाही.

राखण मोडण्याची प्रत्येकाची रीत वेगळी आहे. इन्फ्लुएन्झा श्वासनलिकेचं आतलं अस्तर सोलून काढतो. मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनी अस्तरावरच्या सूक्ष्म केसांना चिकटतो आणि ते झडवतो. मग कफ आणि धूळ वर ढकलायला काही उरत नाही. पीआरआरएसचा विषाणू फुप्फुसातल्या मॅक्रोफेज पेशींमध्ये, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींमध्येच, वाढतो आणि त्यांना मारतो. पीसीव्ही-२, म्हणजे पोर्सिन सर्कोव्हायरस, लसिका ग्रंथी रिकाम्या करून एकूण प्रतिकारशक्तीच खाली आणतो. यातले दोन एकत्र आले की नुसती बेरीज होत नाही, नुकसान कितीतरी पटीने वाढतं. पीआरआरएस आणि मायकोप्लाझ्मा ही त्यातली सर्वांत वाईट जोडी, कारण मायकोप्लाझ्मा शेडमध्ये असला की पीआरआरएसचा न्यूमोनिया जास्त खोल जातो आणि जास्त दिवस रेंगाळतो.

घड्याळ आणि वय

प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी दोन गोष्टी तुम्हाला फुकट कळतात: खोकला किती वेगाने पसरला आणि तो कोणत्या वयात आहे.

काल संध्याकाळी सगळं ठीक होतं आणि आज-उद्यात अख्खं शेड आडवं पडलं, पिल्लं, वाढीची, माद्या, सगळीच, तर पहिला संशय इन्फ्लुएन्झावर. संसर्गानंतर १ ते ३ दिवसांत ताप येतो, ४०.५ ते ४१.५ अंश सेल्सिअसपर्यंत जातो. डुकरं एकमेकांवर ढीग करून पडतात, उठवलं की भुंकल्यासारखी कोरडी ढास लागते, नाकातून पाणी, डोळे लाल. आजारी जवळपास सगळी, मरणारी फारच थोडी. ५ ते ७ दिवसांत बहुतेक उठतात. आठव्या दिवशीही शेड आडवंच असेल तर इन्फ्लुएन्झावर दुसरं कोणी तरी स्वार झालंय.

एका कप्प्यात एक, मग तीन, मग तीन आठवड्यांनी शेजारच्या कप्प्यात, आणि ताप नाही, खाणंही बऱ्यापैकी चालू, फक्त कोरडा खोकला आणि एकाच वयाच्या डुकरांच्या आकारात दिवसेंदिवस वाढत जाणारा फरक: हा मायकोप्लाझ्माचा चेहरा. संसर्ग ते खोकला यात २ ते ८ आठवडे जाऊ शकतात, त्यामुळे १०-१२ आठवड्यांच्या पुढच्या डुकरांत तो उठून दिसतो. आजारी पडलेलं डुक्कर ७ महिन्यांपर्यंत जंतू बाळगू शकतं. खोकला थांबला म्हणजे जंतू गेला असं नाही.

गाभण माद्या शेवटच्या महिन्यात गाभडल्या, वेळेआधी व्यायल्या, मेलेली किंवा मरतुकडी पिल्लं निघाली, आणि त्याच सुमारास दूध तोडलेली पिल्लं पोट उडवत श्वास घेऊ लागली, तर पीआरआरएस. खोकल्यापेक्षा धाप जास्त, हे याचं लक्षण. या रोगात गोठ्याची नोंदवही थर्मामीटरपेक्षा उपयोगी पडते: मागच्या दोन महिन्यांत किती माद्या उलटल्या (गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या), किती गाभडल्या, दूध तोडण्याआधी किती पिल्लं गेली. नोंदवही नसेल तर निम्मा पुरावा आधीच हरवलेला असतो.

६ ते १४ आठवड्यांची पिल्लं खात असूनही वाळत जातात, पाठीचा कणा दिसू लागतो, कातडी फिकट किंवा पिवळसर, जांघेतल्या गाठी हाताला लागतात: पीसीव्ही-२. आणि रात्री धडधाकट असलेलं वाढीचं डुक्कर सकाळी नाकातोंडातून रक्ताळ फेस येऊन मेलेलं सापडलं, बाकीची कुत्र्यासारखी बसून तोंड उघडून श्वास घेतायत, तर ॲक्टिनोबॅसिलस प्लुरोन्यूमोनी, म्हणजे एपीपी. हा जिवाणू आहे, विषाणू नव्हे, आणि इथे मात्र तासांचा हिशेब असतो. वरच्या सगळ्यांत लगेच टोचणं ज्यात खरंच शहाणपणाचं, असा हा एकच.

खोकला ‘खूप आहे’, ‘कमी झाला’ असं सांगून उपयोग नाही, मोजायला हवा. कप्प्यातल्या सगळ्यांना उठवा, एक मिनिट जाऊ द्या, मग २-२ मिनिटांच्या तीन फेऱ्यांत खोकल्याचे आवाज मोजा. शिंक वेगळी लिहा. डुकरांच्या संख्येने भागून १०० ने गुणा. रोज त्याच वेळी, शक्यतो सकाळी खाद्य टाकण्याआधी. औषधाने खरंच फरक पडला का, हे पाच दिवसांनी हाच आकडा सांगतो.

उन्हाळ्यातली धाप

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत ‘न्यूमोनिया’ म्हणून टोचलेली कितीतरी डुकरं फक्त तापलेली असतात. डुकराला घामाने अंग थंड करता येत नाही, ते श्वासानेच उष्णता बाहेर टाकतं. पत्र्याखाली दुपारी मोठी डुकरं मिनिटाला ८०-१०० श्वास घेतात आणि गुदद्वाराचं तापमानही ४० च्या वर दिसतं. निरोगी वाढीच्या डुकराचे विश्रांतीत मिनिटाला २५ ते ३५ श्वास आणि ३८.७ ते ३९.८ अंश सेल्सिअस, म्हणजे साधारण १०१.६ ते १०३.६ फॅरनहाइट, एवढं तापमान असतं.

ओळखायची पद्धत सोपी: पहाटे ५-६ वाजता पुन्हा मोजा. उष्णतेची धाप पहाटेपर्यंत उतरते, रोगाची उतरत नाही. उष्णतेत खोकला नसतो आणि सर्वांत मोठी, सर्वांत जड डुकरं आधी धापा टाकतात. रोगात बहुधा लहान आणि मध्यम वयाची आधी. उष्णता असेल तर अंगावर १-२ मिनिटं पाणी, मग १०-१५ मिनिटं बंद, म्हणजे ओली कातडी वाळताना थंड होते. धुक्यासारखे बारीक फवारे नागपुरात चालतात, रत्नागिरीत नाहीत. कोकणात हवा आधीच दमट, तिथे पंख्याचा वारा जास्त कामाचा.

विषाणू नसलेला आणखी एक खोकला आहे आणि मोकळी फिरणारी किंवा मातीच्या वाड्यात ठेवलेली डुकरं असतील, तर तो सर्वांत आधी तपासावा: जंत. मोठ्या गोलकृमीच्या अळ्या यकृतातून फुप्फुसात येतात तेव्हा खोकला लागतो, आणि कत्तलीनंतर यकृतावर दुधाळ पांढरे डाग दिसतात. फुप्फुसातला कृमी तर गांडुळातून येतो, त्यामुळे माती उकरणाऱ्या डुकरांनाच होतो. काँक्रीटच्या फरशीवर वाढलेल्या डुकरांत तो जवळपास दिसत नाही. फेनबेंडाझोल किंवा आयव्हरमेक्टिनने सुटणारा खोकला अँटिबायोटिकच्या नावावर जमा करू नये.

मेलेलं डुक्कर फाडण्याआधी

फुप्फुस बघितल्याशिवाय खात्री होत नाही हे खरं, पण फाडण्याआधी एक प्रश्न: हा आफ्रिकन स्वाइन फिवर तर नाही? भारतात तो २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला आणि नंतर अनेक राज्यांत पसरला. एकामागून एक मोठी जनावरं मरत असतील, कान-पोट-पायांची कातडी लालजांभळी पडली असेल, नाकातून किंवा शेणातून रक्त असेल, माद्या गाभडत असतील, तर सुरी बाजूला ठेवा. त्या विषाणूने भरलेलं रक्त अंगणात सांडणं म्हणजे महिनोन्महिने रोग जमिनीत पेरणं. क्लासिकल स्वाइन फिवर, ज्याला जुने लोक नुसता ‘स्वाइन फिवर’ म्हणतात, तोही असाच दिसू शकतो आणि त्यातही मागाहून न्यूमोनिया होतो. असा संशय आला तर माल हलवणं थांबवायचं आणि सरकारी पशुवैद्यकाला कळवायचं; १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक आहे. कळवणं ही २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली मालकाची जबाबदारी आहे, मेहेरबानी नाही.

तो संशय नसेल आणि पशुवैद्यक शवविच्छेदन करत असतील तर शेजारी उभं राहून बघण्यासारखं खूप असतं. डुक्कर औषध न दिलेलं, ताजं मेलेलं किंवा मरणाच्या दारातलं असावं. पंधरा दिवस औषध खाऊन मेलेलं काही सांगत नाही. मायकोप्लाझ्मात फुप्फुसाचे पुढचे-खालचे खंड जांभळट-करडे, मांसासारखे घट्ट, आणि निरोगी भागापासून रेघ मारल्यासारखे वेगळे दिसतात. इन्फ्लुएन्झातही पुढचाच भाग, पण जागोजागी लालजांभळ्या चौकड्या. पीआरआरएसचं फुप्फुस छाती उघडल्यावर बसत नाही. सगळीकडे ठिपकेदार तपकिरी, रबरासारखं, आणि लसिका ग्रंथी सुजलेल्या. एपीपीत मागच्या खंडाच्या वरच्या बाजूला गडद लाल, कठीण गाठी आणि छातीच्या आतल्या भिंतीला चिकटलेला पिवळा पापुद्रा. असाच पापुद्रा पोटात आणि सांध्यांतही असेल तर ग्लेसरेला.

नमुना: कोणाचा, कधी, कसा

इथे सर्वाधिक चुका होतात आणि त्या सगळ्या एकाच प्रकारच्या असतात: चुकीचं डुक्कर निवडणं. कप्प्यातलं सर्वांत वाळलेलं डुक्कर डोळ्यात भरतं, पण त्याच्यातला मूळ विषाणू केव्हाच गेलेला असतो, उरलेले असतात मागून आलेले जिवाणू. इन्फ्लुएन्झा शोधायचा तर आजच ताप आलेलं, नाकातून स्वच्छ पाणी येणारं डुक्कर हवं. विषाणू नाकात ४-५ दिवसच भरपूर असतो. अशी ५ ते १० निवडा. नाकाचा नमुना कृत्रिम धाग्याच्या बोळ्याने घ्या. लाकडी काडीचा कापूस नको, तो तपासणीत अडथळा आणतो. बोळा विषाणू-वाहक द्रावणात बुडवून लगेच बर्फावर. गोठवायचा नाही, ४ अंशाला ठेवून शक्यतो २४ तासांत पोहोचवायचा. पीआरआरएससाठी त्याच डुकरांचं रक्त, साध्या लाल झाकणाच्या नळीत. गोठल्यावर सीरम वेगळं. जिवाणू वाढवून बघायचे असतील तर अँटिबायोटिकचा एकही डोस न मिळालेलं डुक्करच हवं.

दहा डुकरं धरायला माणसं नसतील तर दोरीची युक्ती आहे आणि ती मोठ्या फार्मवर जगभर रूढ आहे. बोटाएवढ्या जाडीची, रंग न दिलेली सुती दोरी कप्प्यात डुकराच्या खांद्याच्या उंचीवर लोंबकळत बांधा. २५ डुकरांना एक पुरते. डुकरं कुतूहलाने चावतात; २०-३० मिनिटांत दोरी लाळेने भिजते. ओलं टोक प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेरून पिळा, पिशवीचा कोपरा कापून लाळ नळीत घ्या, बर्फावर ठेवा. पूर्ण कप्प्याचा एकत्र नमुना मिळतो आणि पीआरआरएस, इन्फ्लुएन्झा, पीसीव्ही-२ तिन्हींची पीसीआर तपासणी त्यावर होते. आडवी पडलेली डुकरं मात्र दोरी चावत नाहीत, म्हणून खूप आजारी कप्प्यापेक्षा त्याच्या शेजारच्या, नुकताच खोकला लागलेल्या कप्प्यात ती जास्त कामाची.

महाराष्ट्रात नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पशुवैद्यकामार्फत जातात. विदेशी आणि घातक रोगांची अंतिम खात्री भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. सोबतच्या कागदावर वय, लसी, दिलेली औषधं, पहिला खोकला कोणत्या तारखेला, एकूण किती, आजारी किती, मेली किती हे लिहा. नुसतं ‘डुक्कर आजारी, तपासा’ असं लिहून पाठवलेल्या नळीवर प्रयोगशाळा काय तपासणार?

अहवाल वाचताना एक भान ठेवावं. पीसीव्ही-२ बहुतेक फार्मवर असतोच. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे रोग त्यानेच केला असं नव्हे. विषाणूचं प्रमाण, वाळलेली पिल्लं आणि लसिका ग्रंथींची सूक्ष्मदर्शक तपासणी, तिन्ही जुळलं तरच. तसंच रक्तातली पीआरआरएसची प्रतिपिंडं हा जुना संसर्ग, आईचं दूध किंवा लस, कशाचाही पुरावा असू शकतो.

औषध द्यायचंच तर

आधी पाण्याचा हिशेब, कारण शेडमधलं निम्मं अपयश तिथेच आहे. समजा ३० किलोची ४० डुकरं, म्हणजे १२०० किलो वजन. पशुवैद्यकाने डॉक्सिसायक्लिन किलोला १० मिलिग्रॅम दिवसाला सांगितलं, म्हणजे १२ ग्रॅम शुद्ध औषध. १० टक्क्यांची पावडर असेल तर १२० ग्रॅम. निरोगी डुक्कर वजनाच्या साधारण दहाव्या भागाएवढं पाणी पितं, म्हणून पुडीवरच्या अंदाजाने ही पावडर १२० लिटरमध्ये कालवली जाते. पण तापाने पडलेली डुकरं ६० लिटरच पितात. डोस निम्म्यावर आला, जंतू मेले नाहीत, औषधाला सरावले. म्हणून आदल्या दिवशी खरोखर किती पाणी संपलं ते मोजा आणि पूर्ण डोस तेवढ्याच पाण्यात द्या. पाणी पिण्याच्या निपलचा (नळाच्या तोटीचा) प्रवाहही बघा: वाढीच्या डुकरांना मिनिटाला सुमारे १ लिटर, दूध पाजणाऱ्या मादीला २. विहिरीचं जड पाणी डॉक्सिसायक्लिनला बांधून ठेवतं, गढूळ द्रावण तळाशी बसतं. रोज ताजं कालवा, टाकी आधी घासा.

जे डुक्कर पीतच नाही त्याला सुईनेच औषध द्यावं लागतं. मानेत, कानाच्या मागे. मांडीत नको, गळू झालं तर मांसच वाया जातं. लहान पिल्लाला बारीक आणि आखूड सुई, ३०-६० किलोच्या डुकराला १८ नंबर एक इंची, मादीला १६ नंबर दीड इंची. पीआरआरएसचा संशय असेल तर प्रत्येक कप्प्याला नवी सुई, माद्यांना तर प्रत्येकीला नवी. तापासाठी मेलॉक्सिकॅमसारखं वेदनाशामक पशुवैद्यकाच्या सांगण्याने. इन्फ्लुएन्झात खरा दिलासा त्यानेच मिळतो, कारण ताप उतरला की डुक्कर पाणी पितं.

एक इशारा ठळक अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवावा इतका महत्त्वाचा आहे. मायकोप्लाझ्मावर टियाम्युलिन फार चांगलं चालतं, पण मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन, नॅरासिन यांच्यासोबत ते विष ठरतं. ही तिन्ही कोंबड्यांच्या खाद्यात कॉक्सिडिऑसिस या आतड्याच्या रोगासाठी घातली जातात. आपल्याकडे छोट्या फार्मवर उरलेलं किंवा स्वस्तात मिळालेलं ब्रॉयलर खाद्य डुकरांना घालण्याची सर्रास पद्धत आहे. वर टियाम्युलिन दिलं की दोन-तीन दिवसांत डुकरं लटपटतात, मागचे पाय ओढतात, मरतात, आणि दोष खोकल्याला लागतो. दोन्हींत किमान ७ दिवसांचं अंतर हवंच. खरं तर कोंबडीखाद्य डुकरांना नकोच.

कोलिस्टिन २०१९ पासून भारतात अन्न देणाऱ्या प्राण्यांसाठी बंद आहे. जुन्या पाकिटातलंही वापरू नका. कुठलंही अँटिबायोटिक सुरू केलं तर दिलेले दिवस पूर्ण करा आणि कत्तलीआधीचा थांबण्याचा कालावधी पाळा. व्यापारी दारात उभा असताना हा नियम मोडतो, म्हणून टोचलेल्या डुकराच्या पाठीवर रंगाची खूण आणि वहीत तारीख, दोन्ही.

हवा

डिसेंबरमध्ये नाशिक-नगरकडे पहाटे गारठा पडतो आणि शेडच्या चारही बाजूंना गोणपाट खालपासून वरपर्यंत शिवलं जातं. डुकरं उबदार राहतात, अमोनिया आत कोंडतो आणि दोन आठवड्यांत खोकला सुरू होतो. अमोनिया श्वासनलिकेतल्या त्याच सूक्ष्म केसांना बधिर करतो ज्यांना मायकोप्लाझ्मा झडवतो. तो १० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १० भाग) खाली हवा, २५ ही अगदी शेवटची मर्यादा. शेडमध्ये रोज वावरणाऱ्याचं नाक सरावलेलं असतं, त्याच्यावर विसंबू नका. सकाळी पडदे उघडण्याआधी डुकराच्या नाकाच्या उंचीवर बसा. डोळे चुरचुरले तर मर्यादा ओलांडलेली आहे. मोजपट्ट्या मिळतात, त्या त्याहून बऱ्या.

पडदा खालून वर चढणारा असावा, वरून खाली सोडायचा नाही. खालचा भाग बंद राहून वारा डुकरांच्या अंगावर येत नाही आणि वर छताखाली फूटभर फट रात्रीही उघडी राहते. गरम, दमट, वासाची हवा तिथून निघते. डुकरंच मोजमाप आहेत. ढीग करून पडली तर गारठा, अंग न टेकवता दूरदूर पसरली तर उकाडा, कुशीवर एकमेकांना टेकून पडली तर बरोबर. नवजात पिल्लांच्या कोपऱ्यात पहिल्या आठवड्यात ३२-३४ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला सुमारे २ अंश कमी. मादीला मात्र २० च्या आसपास बरं वाटतं, म्हणून अख्खी खोली नव्हे, फक्त कोपरा तापवायचा.

आणि गर्दी. ९०-१०० किलोच्या डुकराला १० चौरस फूट ही कमीत कमी जागा. बाजारभाव पडला म्हणून माल थांबवला की कप्पे तुंबतात आणि खोकला तिथूनच सुरू होतो.

नवीन जनावर, उसना आणलेला नर

पीआरआरएस अमेरिकेत १९८७ मध्ये ‘गूढ रोग’ म्हणून दिसला, १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या लेलिस्टाडला त्याचा विषाणू सापडला, २००६ मध्ये चीनमध्ये त्याचा जहाल प्रकार उफाळला आणि २०१३ मध्ये मिझोराममध्ये भारतातली पहिली साथ नोंदली गेली. ईशान्येत त्यानंतरही साथी आल्या. मिनेसोटातल्या प्रयोगांत हा विषाणू हवेतून ९ किलोमीटरपर्यंत गेलेला आढळला आहे, पण आपल्याकडे त्याला एवढे कष्ट घ्यावे लागत नाहीत. आपण त्याला टेम्पोत बसवून आणतो.

तीन दारं आहेत. चार बाजारांतून चार ठिकाणची पिल्लं आणून एका कप्प्यात घालणं. नवीन मादी आणल्याच दिवशी कळपात सोडणं. आणि गावभर फिरणारा नर. पीआरआरएस झालेल्या नराच्या वीर्यात विषाणू तीन महिन्यांपर्यंत सापडलेला आहे आणि नर दिसायला ठणठणीत असतो. नवीन जनावर किमान ४ आठवडे वेगळ्या शेडमध्ये, पीआरआरएसची धास्ती असेल तर ८. वेगळे बूट, वेगळं फावडं, आणि तिथलं काम दिवसाच्या शेवटी. या काळात रक्त तपासून घ्या. बाधित डुकराच्या टॉन्सिलमध्ये हा विषाणू पाच महिन्यांपर्यंत दबून राहू शकतो, म्हणून पीआरआरएस शिरलेल्या फार्मवर माद्यांचा कळप सुमारे २०० दिवस नवीन जनावरांना पूर्ण बंद ठेवतात. पिल्लांची अदलाबदल फक्त पहिल्या २४ तासांत. नंतर मरतुकडं पिल्लू ‘चांगल्या दुधाच्या’ मादीकडे फिरवणं म्हणजे विषाणूला घर दाखवणं. मागे राहिलेलं डुक्कर लहान वयाच्या कप्प्यात ढकलणंही तसंच. एका वयाचा कप्पा एकदम भरायचा, एकदम रिकामा करायचा.

रिकाम्या कप्प्याची सफाई क्रमाने: आधी कोरडं खरवडून काढणं, मग साबणाचं पाणी मारून अर्धा तास भिजवणं, मग जोराच्या पाण्याने धुणं, मग वाळवणं, मग जंतुनाशक, मग पुन्हा वाळवणं. शेणावर मारलेलं जंतुनाशक वाया जातं. इन्फ्लुएन्झा आणि पीआरआरएस दोघांना चरबीचं आवरण असतं, साबणानेही ते फुटतं. पीसीव्ही-२ ला आवरण नाही. त्याच्यावर नुसतं फिनेल किंवा क्वाटर्नरी अमोनियम फारसं चालत नाही, २ टक्के कॉस्टिक सोडा किंवा पोटॅशियम मोनोपर्सल्फेटसारखं ऑक्सिडायझिंग औषध लागतं. कॉस्टिक हात भाजतो आणि ॲल्युमिनियम खातो; हातमोजे घाला, डुकरं आणण्याआधी फरशी धुऊन टाका.

लसींबद्दल थोडक्यात. मायकोप्लाझ्मा आणि पीसीव्ही-२ च्या लसी तीन आठवड्यांच्या वयाच्या सुमारास देतात. उपलब्ध असतील तर पैसे वसूल होतात, पण ताप असलेल्या, नुकत्याच गाडीतून उतरलेल्या पिल्लांना नको. क्लासिकल स्वाइन फिवरची लस खोकला असो-नसो द्यायचीच.

शेवटी माणसं. २००९ मध्ये पुण्यात साथ आली तेव्हा ‘स्वाइन फ्लू’ या नावामुळे डुकरांना आणि ती पाळणाऱ्यांना बराच बोल लागला. त्या विषाणूची जनुकं डुकरांतल्या विषाणूंकडून आलेली होती हे खरं, पण शहरात तो पसरला माणसाकडून माणसाला, आणि जगभर अनेक फार्मवर तो माणसांकडून डुकरांना गेला. डुकराच्या श्वासमार्गात माणसांचे आणि पक्ष्यांचे, दोन्ही प्रकारचे फ्लू विषाणू चिकटू शकतात, त्यामुळे तिथे त्यांची सरमिसळ होते. नीट शिजवलेल्या मांसातून तो होत नाही. कामगाराला ताप-खोकला असेल तर लक्षणं सुरू झाल्यापासून आठवडाभर त्याला शेडबाहेरचं काम द्या आणि पगार कापू नका, नाहीतर तो खोकला लपवून आत येईल. शेडमध्ये फ्लू असेल तेव्हा मास्क, हातमोजे, बाहेर पडताना साबणाने हात. फ्लूची वार्षिक लस शेडमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला द्यावी, आणि कोंबड्या-बदकं डुकरांच्या कप्प्यात फिरू देऊ नयेत.